दगडाखालचा कोळसा

केशरबाईची दुसरी भाकरी तव्यावर होती, तेवढ्यात धुऱ्याकडून, म्हणजे शेताच्या बांधाकडून, ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॅक्टर काय, रोजच वाजतात. पण हा आवाज थोडा वेळ घुरघुरायचा, मधेच गप्प व्हायचा आणि पुन्हा घुरघुरायचा. नांगरणारा ट्रॅक्टर असा अडखळत नाही. केशरबाईनं भाकरी उलटली आणि सुनेला हाक मारली.

"तृप्ती, बघ गं जरा. कोण काय करून राह्यलंय तिकडं?"

शेतातलंच घर. तृप्ती ओट्यावर चढली, बघितलं आणि तशीच पदर खोचत आत आली. "आत्या, पुंजाराम काकांनी गिरमिट आणलंय. ट्रॉलीभर सिमेंटचे पोल उतरवलेत. आणि फक्कीची पांढरी रेघ मारलीय, आपल्या बोअरच्या अलीकडून!"

भाकरी तव्यावरच राहिली. जळाली तर जळाली. केशरबाई चपला न घालताच निघाली.

गिरमिट म्हणजे सुताराचं नव्हे. ट्रॅक्टरच्या पाठीला लावायचं, चांगलं माणसाएवढं लोखंडी मळसूत्र. ट्रॅक्टरच्या मशीनवर ते गरगर फिरतं, जमिनीत घुसतं, आणि दोन मिनिटांत अडीच फुटाचं भोक पाडून माती वर फेकतं. पूर्वी तारकंपाउंड करायचं म्हटलं की पहार घेऊन दोन गडी चार दिवस घाम गाळायचे, तेवढ्यात भांडायला, समजवायला, पंच गोळा करायला वेळ मिळायचा. आता सकाळी गिरमिट आलं की संध्याकाळी तार ओढून मोकळं. ज्याला दुसऱ्याचं गिळायचं आहे त्याच्यासाठी तर हे मशीन म्हणजे देवानंच पाठवलं म्हणायचं!

आणि पुंजारामला गिळायचंच होतं. पुंजाराम म्हणजे केशरबाईचा चुलत दीर. तिचा नवरा वारला त्याला सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून ह्या बाबाला भावकीचा फार उमाळा आला होता. केशरबाईच्या बोअरला अडीच इंच पाणी, त्याच्या तीन बोअरला नुसता फुफाटा. तिच्या साडेतीनशे मोसंबीच्या झाडांना ऐन वैशाखात पाणी मिळायचं आणि ह्याच्या पोटात दुखायचं. मागच्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला केशरबाई महिनाभर अंबडला गेल्ती. परत आली तर पांदीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, तोंडाशी असलेला हद्दीचा दगड दहा पावलं तिच्या रानात सरकलेला. दुसऱ्या टोकाचा, नाल्याकडचा दगड मोठा, तो हलवायला क्रेन लागली असती, म्हणून तो जागेवर. पण हा एक सरकवला की सगळी रेघच तिरपी होते, आणि बोअर जातो पुंजारामच्या हद्दीत. विचारलं तर म्हणाला, "जेसीबीनं धुरा साफ केला वयनी, दगडाला हात लावला न्हाई. दगड हाय तिथंच हाय."

मोजणीचा अर्ज दिला होता, तारीख पाच महिन्यांनंतरची होती. तोवर तार ओढली की आत पाय ठेवायला पुंजारामची परवानगी. बोअर गेला की मोसंबी एका उन्हाळ्यात सरपण. एवढंच होतं सगळं, आणि ते आज संध्याकाळपर्यंत होणार होतं.

केशरबाई पोचली तेव्हा ट्रॅक्टरवाला बिभीषण पहिल्या खुणेवर गिरमिटाचं टोक टेकवत होता. धनगराच्या घरातला हा गडी. आज्याची मेंढरं गेली, बापानं रोजंदारी केली, ह्यानं बँकेतून ट्रॅक्टर काढला. कामाला एकदम चोख माणूस. केशरबाई सरळ गेली आणि त्या खुणेवर मांडी घालून बसली.

"मावशी!" बिभीषणनं घाबरून मशीन बंद केलं. "उठा की हो. हे फिरायला लागलं तर पदर ओढून घेतंय, माणूस राहत न्हाई!"

"मंग फिरवू नको."

पुंजाराम पोलांच्या ढिगावरून उठून आला. पांढरा सदरा, कपाळाला राजूरच्या गणपतीचा शेंदूर. चतुर्थी होती, सकाळीच जाऊन आल्ता म्हणे. देवाचं दर्शन घेऊन लोकांच्या रानात भोकं पाडायला आलेला माणूस तुम्ही कधी बघितला नसेल तर हा बघा.

"वयनी, कामून तमाशा करून राह्यल्या? लोकं बघायल्येत."

"बघू द्या की. लोकांसाठीच बसले मी हितं."

लोक खरंच थांबले होते. पांदीनं रानात निघालेले सात-आठ जण, दोन मोटारसायकली, डोक्यावर चाऱ्याचे भारे घेतलेल्या दोघी बाया. मराठवाड्यात भांडण आणि गिरमिट एकाच ठिकाणी बघायला मिळत असेल तर कोण पुढं जाईल?

तृप्तीनं नवऱ्याला फोन लावला होता. कल्याण, केशरबाईचा लेक, जालन्याच्या कंपनीत कामाला. "आईला म्हणावं भांडू नको, मी संध्याकाळी येतो," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. संध्याकाळी येऊन तो काय करणार होता, पोल मोजणार होता?

"भावजी," केशरबाई म्हणाली, "दगड कुठं होता?"

"हाय तिथंच हाय."

"न्हाई. आंब्याच्या पलीकडं दोन पावलांवर होता. लग्न होऊन आले तवापासून मी तिथंच बघितलाय."

"पुरावा काय?"

"पुरावा खाली हाय."

आता हे ऐकून सगळेच जरा पुढं सरकले.

केशरबाईचं माहेर लांब, पिंपळगाव रेणुकाईला. तिचा बाप मोजणीवाल्यांबरोबर साखळी ओढायचा. साहेब छत्रीखाली बसून कागदावर रेघा मारायचा, आणि उन्हातान्हात काट्याकुट्यातून साखळी घेऊन पळायचा हिचा बाप. सात-आठ वर्षांची असताना ती त्याची भाकरी घेऊन जायची, तेव्हा तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. नव्या हद्दीचा दगड रोवायच्या आधी बाप दोन-अडीच हात खड्डा घ्यायचा, त्यात एक गाडगं फोडून टाकायचा, वर टोपलंभर लाकडाचा लोणारी कोळसा ओतायचा, थोडी माती लोटायचा आणि मग त्यावर दगड उभा करायचा. "आबा, कोळसा कामून?" असं तिनं विचारलं, तर तो हसला होता. "केशर, वरचा दगड लोकांसाठी. लोकं दगड हलवितेत, दगडाची पूजा करितेत, चोरून जात्याला लावितेत. खरी हद्द खाली. कोळसा कुजत न्हाई, त्याला वाळवी लागत न्हाई, अन् चोरायचा म्हणलं तर कोणाला ठावच न्हाई."

ही गोष्ट तिनं सासरी कुणाला सांगितली नव्हती. सांगणार कुणाला? नवऱ्याला सासऱ्याच्या धंद्याचं हसूच यायचं. "दोर धरायचं काम," म्हणायचा. एकदा तोंड उघडलं तर त्यानं हातानं थांबवलं होतं, त्यानंतर केशरबाईनं पुन्हा माहेरचं नाव काढलं नाही. सांगितलं ते सुनेला, तेही गेल्या महिन्यात, दगडाच्या काळजीनं झोप येईना तेव्हा.

तिनं आता सगळ्यांसमोर ते सांगितलं. बिभीषण तोंड उघडं टाकून ऐकत होता. पुंजाराम मात्र आधी हसला, मग मोठ्यानं हसला, मग मांडीवर हात मारून हसला.

"कोळसा! काळ्या रानात काळा कोळसा शोधायचा? वयनी, तुमच्या वयाचा मान राखतो, पण हे म्हणजे लईच झालं!"

"पाण्यात टाकला की दिसतो. माती बसती खाली, कोळसा तरंगतो. भोकं माझी, त्याचा खर्चा माझा. तुमच्या मशीननं शोधू. अन् गाडग्याची खापरी आणि कोळसा, दोन्ही एकाच भोकातून, दोन फुटाच्या खालून आले तरच खरं. कपाशीच्या पऱ्हाट्या जाळल्याचा वरचा कोळसा मी पण धरणार न्हाई. जिथं निघंल तिथं कोपऱ्याचा पोल. कबूल?"

"अन् निघाला न्हाई तर?"

केशरबाईनं बोअरकडं एकदा बघितलं. पाइपावर नवऱ्यानं बांधलेलं निळं फडकं अजून तसंच होतं.

"तर तुमची फक्की हाय तशी राहू द्या. मी उठते."

"आत्या!" तृप्ती ओरडलीच. मोजणीला पाच महिने होते, मोजणीवाल्यांनी काहीतरी बघितलंच असतं. सासूनं इथं उभ्याउभ्या सगळा डाव टोपलंभर कोळशावर लावला. आणि या धुऱ्यावर खाली कोळसा घातला होता की नव्हता, हे कुणी सांगितलं होतं? इथली मोजणी काही तिच्या बापानं केली नव्हती.

पण पुंजाराम इतक्या लवकर हो म्हणाला की केशरबाईच्या मनात पाल चुकचुकली. तो जराही विचारात पडला नाही. "कबूल. घ्या भोक. बिलकुल घ्या. जिथं म्हणताल तिथं!" त्यानं वाकून धुऱ्याची माती उचलली, शेंदराच्या खाली कपाळाला लावली. केशरबाईनंही लावली. धुऱ्याची माती कपाळाला लागली की मग शब्द फिरवायचा नसतो, आणि बघणारे तर आता पंधरा झाले होते.

पहिलं भोक आंब्याच्या पलीकडं, दोन पावलांवर. बिभीषणनं ट्रॅक्टर मागं घेतला, गिरमिट टेकवलं आणि मशीन चालू केलं.

"थांबत थांबत घे बाबा," केशरबाई ओरडली. "एकदम खाली गेला तर वरची माती खालच्यात कालवून जाती. वीतभर घे, वर काढ. वीतभर घे, वर काढ."

"अशानं दिवस जाईल मावशी."

"जाऊ दे. माझे दिवस काय विकत आणलेत का?"

वीतभर गेलं, वर आलं. तृप्तीनं दोन बादल्या पाणी आणून ठेवलं होतं. मळसूत्रावरची माती खरवडून बादलीत टाकली, काडीनं ढवळली. वर आलं ते हरभऱ्याचं भुसकट आणि एक गोगलगाय. दुसऱ्यांदा मुळ्या. तिसऱ्यांदा काही नाही. दोन फूट, अडीच फूट, पार खालून पिवळी चुनखडी लागली तरी काही नाही. नुसती काळीशार माती बादलीच्या बुडाशी जाऊन बसली.

"कालवण चांगलं झालंय वयनी, मीठ टाका!" पुंजाराम म्हणाला, आणि लोक हसले. लोकांचं काय, ज्याचं पारडं जड त्याच्याकडं लोक.

केशरबाईनं भोकात वाकून बघितलं. तिला ती जागा पाठ होती. दगड, शेजारी आंबा, आंब्याखाली भाकरी खाताना टेकायला दगड. चाळीस वर्षं तिनं तो दगड बघितला. आता तिला वाटलं, आपण चुकत असू, आणखी पलीकडं असेल. "एक पाऊल पलीकडं घे."

"घ्या, घ्या! माझ्यात घ्या!" पुंजारामनं हात पसरले. "माझ्या वावरात भोकं पाडा, विहीर पाडा, मला काय!"

तिथं एक घेतलं. त्याच्या पलीकडं आणखी एक घेतलं. दोन्हींत काही नाही. बादलीतलं पाणी गढूळ झालं, तृप्तीनं दोनदा बदललं. ऊन चढलं. एक मोटारसायकलवाला निघून गेला, त्याच्या जागी दोन आले.

आता राहिली होती पहिल्या भोकाच्या अलीकडची, आंब्याकडची बाजू, म्हणजे तिचीच. तिकडं घेतलेलं प्रत्येक भोक म्हणजे एकेक पाऊल तिचं रान कमी. आणि पुढं सात पावलांवर बोअर. केशरबाईनं डोळ्यांनीच ती पावलं मोजली.

"झालं का वयनी? पोल उभे करू द्या, जल्दी. सिमेंट भिजवून ठेवलंय."

ती त्याच्याकडं वळली सुद्धा नाही. "बिभीषण, आता अलीकडं ये. एकेक पाऊल."

"आत्या, कामून?" तृप्तीनं तिचा दंड धरला. "अलीकडं निघालं तर आपलंच जाणार ना? थांबूया. बोलणं मोडलं म्हणू द्या."

"माती कपाळाला लावलीय तृप्ती. ती काय फक्त पुंजारामच्याच कपाळाला लावली होय?"

अलीकडचं पहिलं भोक अर्ध्यावर गेलं आणि खाटकन आवाज आला. मळसूत्र थांबलं, मशीन मात्र मोकळंच घोंघावत राहिलं. बिभीषण खाली उतरला. आंब्याचं मूळ, मनगटाएवढं. मळसूत्राची पिन तुटली होती.

"मशीन मोडलं, संपलं!" पुंजाराम खूश झाला.

"मोडलं न्हाई काका. ही पिन तुटायसाठीच असती. अडलं की हीच जाती, गिअरबॉक्स वाचतो." त्यानं खिशातून दुसरी पिन काढली, हातोडीनं ठोकली. मग केशरबाईकडं बघून हळूच म्हणाला, "माझ्याकडं अजून चार हायत मावशी. तुम्ही घाबरू नका."

घाबरली कोण होती? पण त्या पोराच्या बोलण्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुंजारामला दिसू नये म्हणून तिनं बादलीवर मान घातली.

मूळ तोडून भोक पूर्ण केलं. काही नाही. दुसरं पाऊल, आंब्याच्या बुंध्याला लागून, काही नाही. पुंजाराम आता बोअरपाशी जाऊन पाइपावर हात ठेवून उभा होता, मालक उभा राहतो तसा.

तिसरं पाऊल. वीतभर, काही नाही. दुसरी वीत, काही नाही. तिसऱ्या वेळेला गिरमिट वर आलं, बिभीषणनं माती खरवडली आणि हाताचा वास घेतला. मग ओंजळ बादलीत सोडली. तृप्तीनं ढवळलं.

पाण्यावर एक काळा तुकडा आला. मग दुसरा. मग हरभऱ्याएवढे, बोराएवढे, धडाधड वर येत राहिले आणि बादलीचं सगळं तोंड काळं झालं.

"खापरी!" केशरबाईचा आवाज फाटला. "वरून कोळसा आला, खाली खापरी पाहिजे. अजून एक वीत घे!"

मळसूत्र पुन्हा खाली गेलं. वर आलं ते करकरत. मातीत लाल, जाड, काठाची नक्षी दिसणारं गाडग्याचं खापर अडकलं होतं. केशरबाईनं ते पदरानं पुसलं आणि वर धरलं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुण्या साखळीवाल्यानं, तिच्या बापासारख्याच कुण्या उन्हातल्या माणसानं, फोडून टाकलेलं गाडगं. "आबा, निघालं हो!" ती एवढ्या जोरात ओरडली की चाऱ्याचा भारा खाली ठेवून बसलेली बाई दचकली. पांदीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मघाशी हसलेलीच माणसं, बरं का!

बोअर अजून चार पावलं आत होता. बोअर तिचा होता. मोसंबी तिची होती.

पुंजारामचा हात पाइपावरून निघाला. त्याचं तोंड भाजक्या वांग्यासारखं झालं होतं. मग त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं, आणि माणूस बुडताना शेजाऱ्याचं धोतर धरतो तसं त्यानं ते धरलं.

"बराबर," तो म्हणाला. "बराबर हाय. मंग मला एक सांगा वयनी. तुम्ही म्हणल्या दगड आंब्याच्या पलीकडं होता. होताच! मीच उपटला तिथून, आता लपवून काय करू? अन् उपटला तवा बघितलं, खाली काही न्हवतं. म्हणूनच कबूल झालो. मंग हितला दगड आंब्यापलीकडं गेला कसा? तीन पावलं माझ्या बापाच्या रानात कोणी नेला? मी एकट्यानंच चोरी केली काय?"

सगळ्यांच्या माना केशरबाईकडं वळल्या.

केशरबाईनं आंब्याकडं बघितलं. मोहर गळून आता गोटीएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या. हा आंबा लावला त्या साली कल्याण झाला. बाळंतपणाला ती पिंपळगावला गेली होती, अडीच महिने. लेकरू घेऊन परत आली तर धुऱ्यावर हातभर रोप आणि त्याला काट्यांचं कुंपण. "तुझ्यासाठी लावला," असं नवरा म्हणाला होता, आणि ती किती दिवस हवेत होती. दगड तिनं तेव्हाच नीट बघितला, आंब्याबरोबर. त्याच्या आधी ती नवी नवरी, डोक्यावरून पदर, मान खाली. धुरा कुठं आणि दगड कुठं, हे बघायची सोयच नव्हती. चाळीस वर्षं ती छातीला हात लावून सांगत आली, की दगड लग्नापासून तिथंच आहे. आणि तिच्या नवऱ्यानं कुणाचा दाणा उचलला नाही, हे तर ती सगळ्या गावाला ऐकवायची.

दगड दोनदा सरकला होता, आणि दोन्ही वेळेला ती बाळंतपणात अडकली होती. एकदा स्वतःच्या, एकदा लेकीच्या.

"आत्या, बोलू नका," तृप्ती कानाशी कुजबुजली. "आपला बोअर वाचला. बाकी कोणाला काय ठाव? मेलेल्या माणसावर आळ कामून घ्यायचा?"

"सांगा की," पुंजाराम म्हणाला. आता त्याच्या अंगात पुन्हा रग आली होती. "कोणी सरकवला?"

इथं एक सांगायला हवं. केशरबाईनं आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतलं असेल तेवढंच. नंतर "मालक" म्हणायची, कल्याण झाल्यावर "कल्याणचे बापू". रेशन कार्डावर नाव विचारलं तर शेजारणीला पुढं करायची. तो गेल्यावर तलाठ्यापुढं वारसाची नोंद करतानाही तिनं कागदावर बोट ठेवलं होतं, तोंडातून शब्द काढला नव्हता.

ती सरळ उभी राहिली. खापर अजून हातात होतं.

"रामप्रसादनं," ती म्हणाली. मोठ्यानं, पांदीच्या त्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "माझ्या नवऱ्यानं सरकवला. रामप्रसादनं. तीन पावलं. ऐकलं सगळ्यांनी?"

भारेवाल्या बाईनं तोंडाला पदर लावला. पुंजारामला वाटलं होतं ही बाई रडेल, नाकारेल, नवऱ्याची शपथ घालेल आणि मग आपल्यालाही थोडी मोकळीक मिळेल. चोर दोघं असले की एकाला कमी लाज, असा काहीतरी हिशेब. आणि हिनं तर स्वतःच नाव घेऊन दार लावून टाकलं.

"त्यानं तीन पावलं नेली, ती परत घ्या," केशरबाई म्हणाली. "तुम्ही दहा आणली, ती परत करा. आंबा तुमच्यात गेला. आजपासून तुमचा."

"वयनी, आंब्याचं राहू द्या..." पुंजाराम पुटपुटला. खरं तर तो इतका वाईटही माणूस नव्हता, नुसता कोरड्या बोअरनं बिघडलेला. "माणसाची आठवण हाय. चार पाट्या दरसाली मी घरी पाठवीन..."

"एक फोड पाठवायची न्हाई. माहीत न्हवतं तवर गोड लागला. आता न्हाई लागायचा." तिनं हातातलं खापर आंब्याकडं केलं. "माझं चाललं असतं तर ह्या आंब्याखाली बसून मी त्याला विचारलं असतं, की कामून रे बाबा? एवढं पाण्याचं रान होतं, तीन पावलांनी काय भर पडली? पण तो गेला. तुम्ही हाय. म्हणून तुमच्याशी भांडले."

मग ती बिभीषणकडं वळली. "तेच भोक जरा रुंद कर. कोपऱ्याचा पोल हितं."

बिभीषणनं गिरमिट पुन्हा त्याच भोकात फिरवून कडा साफ केल्या. पुंजारामच्या दोन गड्यांनी पोल उचलून आणला. त्यांनी मालकाकडं बघितलं, मालकानं मान हलवली. ते पोल सोडणार, तेवढ्यात केशरबाईनं हात आडवा घातला.

"थांबा. तृप्ती, बादली आण."

तृप्तीनं बादली आणली. केशरबाई भोकाच्या काठाशी गुडघ्यावर बसली. हातातलं खापर आधी खाली सोडलं. पाण्यावर तरंगणारे कोळशाचे तुकडे तिनं ओंजळी ओंजळीनं गाळून घेतले आणि भोकात टाकले. बादलीच्या काठाला चिकटलेले बारके कोळसेही बोटांनी वेचले. हात, मनगटं, बांगड्या सगळं काळं झालं. एकही तुकडा तिनं बाहेर ठेवला नाही. बाप असता तर वरून थोडी माती लोट म्हणाला असता, म्हणून मूठभर माती लोटली.

"हं. आता सोडा."

पोल खाली बसला. गड्यांनी भोवती सिमेंट ओतलं आणि पहारीनं ठासलं. बिभीषणनं सुतळी धरून नाल्याकडच्या दगडापर्यंत नवी रेघ मारली, आणि फक्कीची जुनी रेघ पुंजारामनं स्वतःच पायानं पुसली. बोअर रेघेच्या आत, आंबा रेघेच्या बाहेर.

केशरबाई हात न धुताच घराकडं निघाली. भाकरी केव्हाच जळून गेली असणार, चूलही विझली असणार. चार पावलं गेल्यावर ती थांबली आणि तृप्तीकडं वळली.

"कल्याण संध्याकाळी येईल. म्हणंल, आई, आंबा कामून दिला, दगड पलीकडंच होता म्हणून रेटायचं. आज न्हाई म्हणला तर मी मेल्यावर म्हणंल."

"मी काय सांगू मग?"

"सांग, खाली कोळसा हाय. अन् तो कोणी ठेवला, ते पण सांग. माझं नाव घेऊन सांग."

मागं बिभीषणचं गिरमिट पुढच्या भोकावर घुरघुरायला लागलं होतं.